भैरवी नसलेली मैफल

स्वतः गाणी लिहावीत, स्वतःच त्यांना चाली लावाव्यात, स्वतःच गाऊन-वाजवून घरच्या खोलीत ध्वनिमुद्रित करावीत आणि त्यांचा अल्बम काढावा, यात आता काही अप्रूप राहिलेले नाही. एक बरा संगणक, एक मायक्रोफोन, ध्वनी संगणकात उतरवून घेणारी एक लहानशी पेटी आणि दुपारची शांतता एवढे भांडवल पुरते. अप्रूप आहे ते अशा अल्बमांपैकी किती थोडे पूर्ण होतात याचे. माझ्या परिचयातल्या हौशी-निमहौशी संगीतकारांपैकी बहुतेकांच्या संगणकात एक तरी अल्बम वर्षानुवर्षे ‘जवळजवळ झालेला’ असतो. विचारले की उत्तर ठरलेले. कलाकृती कधी पूर्ण होतच नसते, कलावंत ती कधीतरी सोडून देतो, इतकेच. आणि आपली सोडून देण्याची वेळ अजून आलेली नाही.

हे वचन इतक्या थोरामोठ्यांच्या नावावर खपलेले आहे की त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कुणाला सुचत नाही. मला ते घातक वाटते. अपूर्णतेला ते प्रतिष्ठा देते. ज्याने दहा वेळा हात फिरवला त्याच्यापेक्षा ज्याने शंभर वेळा फिरवला तो अधिक निष्ठावान, असा एक हिशेब त्यातून निघतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. घरगुती ध्वनिमुद्रणात न थांबण्याला आपण गुणवत्तेचे वेड म्हणतो खरे, पण बहुतेक वेळा तो श्रोत्याला सामोरे जाणे टाळण्याचा एक सभ्य मार्ग असतो. थांबणे ही कलावंताच्या मर्जीची किंवा थकव्याची बाब मानू नये. तो कारागिरीचाच भाग आहे. सूर लावता येणे जितके आवश्यक, तितकाच तो वेळेवर सोडता येणेही आवश्यक.

मैफलीत हा प्रश्न कसा सुटतो ते पाहावे. गवयाने भैरवी घेतली की मैफल संपली, हे त्यालाही ठाऊक असते आणि समोरच्यांनाही. भैरवीनंतर ‘मघाचा मारवा नीटसा जमला नाही, पुन्हा घेतो’ असे कुणी म्हणत नाही. मारवा जसा झाला तसा झाला. स्टुडिओतही थांबण्याची सोय असे, फक्त ती जरा रोकडी होती. तासाचे भाडे चढत असे, वादकांना पुढच्या कामाला जायचे असे, संयोजक घड्याळाकडे पाही, आणि काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक ‘झाले, हेच ठेवू’ असे म्हणू शके. ही माणसे त्रासदायक असत, कधी अडाणीही असत. त्यांच्या घाईपायी चांगली गाणी वाया गेल्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. तरीही ती एक काम करीत. ती ‘दुसरी’ असत. घरी एकच माणूस गायक, वादक, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि परीक्षक असतो. खुर्च्या पाच, माणूस एक. आणि रात्री दोन वाजता सर्वांत आधी पेंगतो तो परीक्षक.

प्रश्न यंत्राशी कसा जोडलेला आहे हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकट्याने अनेक भाग एकावर एक चढवण्याच्या कलेतला एक आद्य पुरुष म्हणून लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाचे नाव घेतले जाते. १९४८ साली निघालेल्या त्याच्या ‘लव्हर’ या ध्वनिमुद्रिकेत गिटारचे आठ भाग आहेत आणि ते सगळे त्याने एकट्याने वाजवले आहेत. हे काम तबकड्यांवर झाले. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत नवा भाग वाजवायचा आणि दोहोंचे मिश्रण दुसऱ्या तबकडीवर कोरायचे. प्रत्येक नकलेगणिक आधीचे सूर थोडे मळत जात. म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य भाग शेवटी, असा क्रम त्याला डोक्यात पक्का करूनच बसावे लागे. पुढे हीच रीत त्याने ध्वनिफितीवर आणली, तेव्हा तर एक चूक झाली की खालचे सगळेच गेले, पुन्हा श्रीगणेशा. नवा थर चढवण्याची किंमत त्याला तिथल्या तिथे मोजावी लागे, आणि म्हणून हा थर हवाच का, हा प्रश्न वाजवण्याआधी विचारावा लागे.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये थरांना व्यवहारात मर्यादा नाही आणि कोणतीही कृती एका कळीने मागे घेता येते. याला आपण स्वातंत्र्य म्हणतो. पण जो निर्णय केव्हाही मागे घेता येतो तो मनाने घेतलेलाच नसतो. तो नुसता मांडून ठेवलेला असतो. ‘तंबोरा ठेवू, नको वाटला तर काढू’ असे म्हणून ठेवलेला तंबोरा तीन वर्षे तसाच राहतो, आणि त्याच्या ‘नको वाटला तर’मुळे त्यावरच्या प्रत्येक गोष्टीचा पाया हलता राहतो.

किंमत नाहीशी झालेली नाही, ती फक्त दिसेनाशी झाली आहे. दोन वाद्ये कंप्रतेच्या एकाच पट्ट्यात वाजत असली की एक दुसऱ्याला झाकोळते. गळ्याला भराव म्हणून ठेवलेली हार्मोनियम गळ्यातलेच काही काढून घेते. मग गळा उठावदार करण्यासाठी त्याचा आवाज वाढवायचा, मग तबला मागे पडतो म्हणून तो वाढवायचा, मग सगळेच वाढले म्हणून सगळे दाबायचे. भर घालणे ही येथे बहुधा वजाबाकी असते. दुसरी गोष्ट कानाची. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन आवृत्त्या ऐकवल्या आणि त्यांतली एक किंचित मोठ्या आवाजात असली, तर माणसाला बहुधा तीच अधिक चांगली, अधिक भरीव वाटते. आवाज वाढला की खालचे आणि अगदी वरचे स्वर कानाला तुलनेने अधिक जाणवतात. हे ध्वनिशास्त्रात १९३३ सालच्या फ्लेचर आणि मन्सन यांच्या कामापासून ठाऊक आहे. घरी मध्यरात्री झालेल्या ‘सुधारणां’पैकी किती निव्वळ आवाजवाढ होत्या, हे ज्याचे त्याने सकाळी ताडून पाहावे. मी पाहिले आहे. त्यानंतरचा चहा गोड लागत नाही.

निर्णय लांबणीवर टाकण्याची सोय काय करू शकते याचे मोठे उदाहरण संगणकाच्या पूर्वीचे आहे. बीच बॉइज या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ब्रायन विल्सनने १९६६ साली ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे एकच गाणे निरनिराळ्या स्टुडिओंत, तुकड्यातुकड्यांनी, कित्येक महिने ध्वनिमुद्रित केले आणि मग ते तुकडे जोडले. गाणे अफाट गाजले. तेव्हा हीच रीत त्याने ‘स्माइल’ या संपूर्ण अल्बमला लावली. तुकडे साचत गेले. कोणता कशाला जोडायचा याच्या शक्यता त्याहून वेगाने वाढत गेल्या. त्याची ढासळती प्रकृती, अमली पदार्थ, सहकाऱ्यांशी मतभेद, कंपनीशी वाद ही कारणेही होतीच, आणि ती कमी लेखू नयेत. पण १९६७ च्या मे महिन्यात अल्बम रद्द झाल्याचे जाहीर झाले तेव्हा संगीताची उणीव नव्हती. उणीव ‘हा क्रम, हाच’ असे म्हणण्याची होती. त्याच वर्षी बहुतांशी विल्सनच्या घरीच मुद्रित केलेला ‘स्मायली स्माइल’ हा साधा, ओबडधोबड अल्बम काही आठवड्यांत तयार होऊन सप्टेंबरात बाहेर पडला. मूळचे ‘स्माइल’ पूर्ण झाले ते २००४ मध्ये, आणि तेही कसे? आधी लंडनमधील रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेब्रुवारीतल्या जाहीर प्रयोगाची तारीख ठरली. त्या तारखेला काहीतरी सलग वाजवणे भाग होते, म्हणून क्रम लागला. ध्वनिमुद्रण त्यानंतर झाले. सदतीस वर्षांत जे सुटले नाही ते श्रोत्यांनी भरलेल्या एका सभागृहाने सोडवले.

याच्या समोर दुसरे उदाहरण ठेवतो. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरी चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. दोन मायक्रोफोन, गिटार, माउथऑर्गन, असा थोडका सरंजाम. हेतू इतकाच की वाद्यवृंदातल्या सोबत्यांना चाली कळाव्यात. त्या वसंत ऋतूत तो सोबत्यांना घेऊन न्यूयॉर्कच्या चांगल्या स्टुडिओत गेला. वादक उत्तम, यंत्रे उत्तम, पण बरीचशी गाणी तेथे जाऊन काहीतरी गमावत होती. अखेरीस खिशात वागवलेली ती कॅसेटच अल्बम म्हणून काढायची असे ठरले. तिच्यावरून तबकडी कापणे तंत्रज्ञांना महाकठीण गेले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाला, तो त्या कॅसेटच्या सूंऽऽ आवाजासकट.

ही कथा सांगितली की एक वर्ग लगेच टाळ्या वाजवतो. हा आजचा दुसरा पंथ: पहिल्या झटक्यात जे आले तेच खरे, करा आणि सोडा, चुका म्हणजे जिवंतपणा, पुढच्या आठवड्यात पुढचे गाणे. पहिल्या पंथाइतकाच हाही मला अमान्य आहे. बेसूर गायलेला षड्ज जिवंत नसतो, तो बेसूर असतो. आणि या मंडळींनी कथेचा उरलेला भाग वाचलेला नसतो. त्याच जानेवारीतल्या कॅसेट-मुद्रणात ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गाणेही होते. ते एकट्या गिटारवर उभे राहत नव्हते. वाद्यवृंदासोबत मात्र ते उभे राहिले, आणि १९८४ साली त्याच नावाच्या अल्बममध्ये आले. यंत्र तेच, घर तेच, महिना तोच. एक गाणे झालेले होते आणि दुसरे व्हायचे होते. म्हणजे ‘कच्चे ठेवा’ हा नियम नाही, तसा ‘पक्के करत राहा’ हाही नाही. थांबण्याचा निर्णय प्रत्येक गाण्याचा वेगळा असतो आणि तो पुढे जाऊन, तपासून, परत येऊन घ्यावा लागतो. परत येता येणे, हेच तर अवघड. स्टुडिओत खर्च झाला, सोबत्यांनी कष्ट घेतले, म्हणून नवे तेच चांगले, असे स्वतःला पटवणे किती सोपे होते!

येथवर वाचलेल्याला असे वाटेल की हा गृहस्थ दुसऱ्यांना उपदेश करतो आहे. म्हणून माझे सांगतो. २०१३ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या आमच्या घरी मी आणि एका मित्राने आठ गाणी मुद्रित केली. त्यांतल्या एका गाण्याच्या मध्ये आत्याने गायलेली जात्यावरची ओवी होती. आत्या सांगलीची, तेव्हा एकाहत्तरची. तिने एकदाच गायले आणि दुसऱ्यांदा गायला नकार दिला; म्हणाली, ‘पहाटेचं दळण दुपारी दोनदा कोण दळतं?’ तिच्या तिसऱ्या ओळीवर शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. ती गाता गाता हसली, पण ओळ सोडली नाही.

मी ती शिट्टी काढायला बसलो. शिट्टी आणि गळा एकमेकांत मिसळलेले. शिट्टी काढली की गळा पातळ होई. मग तो पुन्हा भरायचा. मग ओवी बाकीच्या गाण्यात बसेना, म्हणून गाणे बदलायचे. मित्राची नोकरी दुसऱ्या शहरात गेली. फायलींची नावे ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम खरे’, ‘अंतिम खरे जुना तबला’ अशी होत गेली. आत्या फोनवर विचारी, ‘झालं का रे गाणं?’ मी म्हणे, ‘होतंय, थोडा वरचा भाग उजळायचा राहिलाय.’ वरचा भाग म्हणजे उंच कंप्रतेचे ते बारीक स्वर, श्वासाची झुळूक, ‘स’काराची धार. त्यांच्यावर मी, अतिशयोक्ती करत नाही, दोन वर्षे घालवली.

२०१८ साली गाणे घेऊन सांगलीला गेलो तेव्हा आत्याच्या कानाला यंत्र लागले होते. वयोमानाने ऐकू येणे कमी होते ते वरच्या कंप्रतांपासून. म्हणजे मी जे उजळत बसलो होतो तेच आधी तिच्याकडून गेले होते. यंत्र काढून तिने हेडफोन लावला, दोन्ही हातांनी दाबून धरला, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, ‘माझाच आवाज आहे व्हय? लांबनं येतोय.’ आणि थोड्या वेळाने, ‘काय रे, ती शिट्टी कुठं गेली?’

यावर मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. घरी येऊन मूळचे मुद्रण शोधले. त्यात शिट्टी होती, हसू होते, आणि हसून सावरलेली ओळ होती. ती ओळ संपूर्ण अल्बममधली सर्वांत चांगली होती. पाच वर्षे मी ज्याला गुणवत्तेचा ध्यास समजत होतो तो वस्तुतः एक साधा भेकडपणा होता. गाणे संपवले असते तर ते लोकांना द्यावे लागले असते, आणि लोक ‘बरे आहे’ म्हणाले असते. ते ऐकण्यापेक्षा ‘होतंय’ म्हणणे सोपे होते.

येथे रियाजाचा आक्षेप घेतला जाईल. आपल्या परंपरेत एकेका पलट्यावर वर्षे घालवण्याला मान आहे, मग ध्वनिमुद्रणावर घालवली तर बिघडले कोठे? बिघडले येथे, की रियाज गळ्याचा असतो, फायलीचा नसतो. हजार वेळा घोटलेला पलटा गायकात मुरतो आणि उद्याच्या मैफलीत अचानक हाताशी येतो. हजार वेळा हलवलेली कळ कुणातच मुरत नाही. रियाज माणसाला पुढच्या प्रसंगासाठी तयार करतो. आपण करतो ती झालेल्या प्रसंगाची डागडुजी. तिला रियाजाचे नाव देणे हा रियाजाचा अपमान आहे. अजून चांगले गायचे असेल तर गळ्यावर मेहनत करून पुढचा अल्बम गावा.

मग थांबावे कधी? माझ्या मते फाइल उघडण्यापूर्वी कागदावर एका वाक्यात दोष लिहिता आला पाहिजे: ‘दुसऱ्या कडव्यात तबला शब्दांवर चढतो.’ असे वाक्य लिहिता आले तर काम उरले आहे, अवश्य करावे. ‘अजून काहीतरी कमी वाटते’ एवढेच लिहिता आले तर ती उणीव गाण्यात नसून बसणाऱ्याच्या मनात आहे, आणि संगणक बंद करावा. बदल केल्यावर जुनी आणि नवी आवृत्ती सारख्या आवाजात, कोणती कोणती हे न कळता, दुसऱ्या दिवशी ऐकावी. फरक सांगता आला नाही तर जुनी ठेवावी. नवीला केवळ नवी म्हणून मान नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, काम सुरू करतानाच एक तारीख आणि एक माणूस ठरवावा. तारीख पाळायची, आणि त्या माणसाला ऐकवायचे.

तारीख हा शब्द काढला की कलेत कारकुनी आणल्याचा आरोप होतो. पेणच्या मूर्तिकाराला तो मान्य होणार नाही. त्याची मूर्ती चतुर्थीला पाटावर बसलीच पाहिजे. डोळ्यांची आखणी राहिली म्हणून गणपती पंचमीला येत नाही. त्या दडपणाखाली काढलेले डोळे घाईचे दिसतात काय? मराठी साहित्याचेच पाहा. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या कथा-कवितेचा केवढा तरी भाग दिवाळीच्या मुदतीने लिहवून घेतला आहे. त्यात सुमार पुष्कळ निघाले हे खरे. पण जे उत्तम निघाले तेही त्याच मुदतीत, आणि मुदत नसती तर त्यातले किती टेबलाच्या खणात ‘जवळजवळ झालेले’ राहिले असते, याचा विचार करावा.

शेवटी एका जुन्या तबकडीची आठवण देतो. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानने ग्रामोफोन कंपनीसाठी गायले. मैफलीत तासभर चालायचे ते तिला जेमतेम तीन मिनिटांत मांडायचे होते. पुसण्याची सोय नव्हती. तिच्या त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी, गाणे संपताच, ती ठसक्यात इंग्रजीतून आपले नाव सांगते. हे नाव पुढे तबकड्या घडवणाऱ्या परदेशी कारागिरांच्या सोयीसाठी होते, असे सांगतात. असेलही. मला मात्र त्यात थांबण्याची सगळी रीत ऐकू येते. जे झाले ते एवढे, ते माझे, आणि आता ते तुमचे. आपल्यापैकी ज्यांच्या संगणकात ‘अंतिम खरे’ नावाची फाइल पडून आहे त्यांनी तिला आपले नाव द्यावे आणि ज्याने विचारले होते त्याला, त्याचे कान शाबूत आहेत तोवर, ती नेऊन द्यावी.